एस्केलेटरच्या मागचं जपान

जागा हेमराजनं ठरवली.
त्याच्या घरी नको, तिथं वहिनी आहे.
माझ्या घरी नको, तिथं मी आहे.
बर्डीवरच्या जुन्या हॉटेलात तर नकोच,
तिथला म्हातारा वेटर अजून विचारतो, आई कशी आहे.

म्हणून मॉल. दुसरा मजला, एस्केलेटरच्या मागं,
बुटांचं दुकान आणि पोरांचा गेम झोन यांच्या फटीत
आठ स्टुलं, एक कागदी कंदील,
आणि काचेच्या कपाटात प्लास्टिकचं जेवण,
ज्याची वाफ निघत नाही आणि अंडं सुकत नाही.
मे महिना. बाहेर पंचेचाळीस.
तोंडाला दुपट्टा बांधूनच मी स्टुलावर बसली,
तर तो माझ्याकडे बघून म्हणाला,
"जागा आहे मॅडम इथं, माझी बहीण येऊन राहिली."

कंदिलाखालून एक पोरगा काहीतरी ओरडला.
आम्ही दोघंही दचकलो, एकदमच.
"स्वागत म्हनलं जी," तो म्हणाला.
कपाळाला लाल गोळ्याची पट्टी, छातीवर पाटी: डी. उइके.
बालाघाटकडचा निघाला.
मी विचारलं, भात कोणता, चिन्नोर?
"नाही ताई. चिन्नोर मोकळा होते.
याले चिकटाच लागते."

काड्या आल्या. दोन, पण टोकाशी एकच.
"तोडा. तोडल्याबिगर खाता येत नाही."
हेमराजनं तोडल्या, नेहमीच्या घाईनं.
एकीला दुसरीचा खांदा आला,
दुसरी वर जाऊन सुईसारखी.
मोजणी खात्यातला माणूस,
दोन्ही शेजारी ठेवून बघत राहिला.

मग बॅगेतून फाइल.
स्टॅम्प पेपर, हक्कसोड,
माझं लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव,
मधे एक "उर्फ".
मौजा बेसा. पंधराशे फूट.
आईनं घेतला तेव्हा तिथं बाभळी होत्या
आणि ऑटोवाला अर्ध्यातच उतरवून द्यायचा.
शिवणाच्या पैशातून महिन्याला दीडशे भरायची ती.
ब्लाउजांची काजं मी करायची.
काजं कागदात नाहीत.

"पोराच्या फीचं आहे कुंदे.
नाहीतर मी मागितलं असतं का?"
"मागितलं कुठं? तू तं टाईप करूनच आणलं."

बशीत सहा तुकडे आले, नीट, एका मापाचे.
तेही त्यानं मोजले असतील.
आपल्या त्या लंगड्या काड्यांनी त्यानं पहिला उचलला,
कागदाच्या वर आणला,
आणि सुटला तो. सरळ वाटीतल्या काळ्या रसात.
शिंतोडे चतुःसीमेवर.
पूर्वेस मोकळं, उत्तरेस डोंगरे यांचा प्लॉट,
पश्चिमेस नऊ मीटर रस्ता,
तो रस्ता सगळा सोयाचा झाला.

त्यानं रुमाल काढला.
"घासू नको," मी म्हटलं, "पसरते. टीप फक्त."
टिपत बसलो दोघं. डोकी इतकी जवळ
की त्याच्या केसांतलं माक्याचं तेल आलं मला.
तेच अजून. बाटली कोण आणून देतं कोण जाणे.
उइकेनं न मागता टिश्यूचा गठ्ठा सरकवला
आणि पाठ करून सुरीला पाणी लावत राहिला.

"नवा करा लागन," तो म्हणाला.
मी काही म्हटलं नाही.
उरलेले पाच खाल्ले आम्ही,
तीन त्यानं, दोन मी, हातानंच.
माझ्या काड्या तशाच होत्या, कागदी पाकिटात.
पर्समध्ये टाकल्या. फुकटच्या होत्या.

बिल अकराशे चाळीस.
मी पाचशे सत्तर पुढं केले.
त्यानं नाही म्हटलं, मग घेतले,
मग सवयीनं मोजले.

खाली दारापाशी ऊन काचेला टेकून उभं होतं.
मी दुपट्टा पुन्हा गुंडाळला, नाक, कान, कपाळ.
"थांब," तो मागून म्हणाला,
"गाठ सैल आहे."
आणि त्यानं बांधून दिली.
घट्ट. जरा जास्तच.